समोरचे स्पीकर दबले? नवा रिसीव्हर घेण्याआधी वायरींची अदलाबदल करून बघा

सोयाबीनचे पैसे खात्यावर आले की दिवाळीच्या तोंडावर तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत गर्दी वाढते. त्या गर्दीत एक ठरलेलं गिऱ्हाईक असतं. घरी काही वर्षांपूर्वी घेतलेलं होम थिएटर आहे. मधला स्पीकर आणि मागचे दोन चांगले वाजतात, पण टीव्हीच्या दोन्ही अंगाला ठेवलेले मोठे बॉक्स मात्र मेल्यासारखे. दुकानदार विचारतो, मशीन किती वॅटचं आहे? आणि लगेच सांगतो, आता जास्त वॅटचं घ्या. गिऱ्हाईक नवं मशीन घरी आणतं, जुन्याच वायरी त्याला जोडतं आणि आवाज पुन्हा तेवढाच.

एवढ्या पैशात एखाद्या घराचं रब्बीचं खत-बियाणं निघतं. त्यामुळे दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच अर्धा तास घालवलेला बरा. त्याला खर्च काही नाही. लागलंच तर एक पेन्सिल सेल, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि हातातला मोबाइल.

आधी एका शब्दाचा खुलासा. गावात ‘रिसीव्हर’ म्हटलं की डिशचा डबा डोळ्यापुढे येतो. इथे तो नाही. होम थिएटरचा रिसीव्हर म्हणजे तीन कामं करणारं एकच मशीन. डिश, मोबाइल, प्लेअर यांतला कुठला आवाज वाजवायचा ते तो निवडतो, तो आवाज कुठल्या स्पीकरला किती द्यायचा ते ठरवतो आणि स्पीकर हलवण्याएवढी ताकद देतो. ५.१ सेट म्हणजे समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला आणि मागचे दोन असे पाच स्पीकर. तो पॉइंट वन म्हणजे सबवूफर, ज्याला आपण नुसतं वूफर म्हणतो.

बिघाड खरंच आहे का?

पुष्कळदा बिघाड नसतोच. पिक्चरमध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. समोरच्या डाव्या-उजव्याकडे गाणी, पार्श्वसंगीत, एका बाजूने दुसरीकडे जाणारी गाडी असे आवाज असतात. सिरियल आणि बातम्यांत नुसतं बोलणंच. मग समोरचे बॉक्स गप्प वाटणार, त्यात त्यांची चूक नाही.

डिशवरच्या बऱ्याच चॅनेलचा आवाज मुळात डावा आणि उजवा एवढाच असतो, त्याला स्टिरिओ म्हणतात. रिसीव्हर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ या मोडवर असेल तर दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज तो उचलतो आणि मधल्या स्पीकरकडे पाठवतो. बोलणं आणि गायकाचा गळा नेमका दोन्ही बाजूंना सारखा असतो. म्हणजे समोरच्या दोघांच्या ताटातलं मशीनच काढून घेतं.

रिमोटवर ‘स्टिरिओ’ मोड दाबा आणि ओळखीचं गाणं लावा. आता फक्त समोरचे दोन आणि वूफर वाजतील. दोन्ही बॉक्स दणकून वाजले तर स्पीकर, वायर, मशीन सगळं ठीक आहे. फरक फक्त मोडचा होता. भजन, लावणी, जुनी गाणी ऐकायला हाच मोड चांगला, पिक्चरला दुसरा.

डावा-उजवा बदलून बघा

स्टिरिओवर एकच बाजू दबलेली असेल तर दोष कुठे आहे ते पैसा न खर्चता कळतं. मेकॅनिकही आधी हेच करतो.

मशीन बंद करा, पिन सॉकेटमधून काढा. रिसीव्हरच्या मागे समोरच्या डाव्या स्पीकरची वायर उजव्याच्या जागी लावा आणि उजव्याची डाव्याच्या जागी. लाल जागी लालच, काळ्या जागी काळीच. सुटलेली एक तार शेजारच्या तारेला टेकली तर मशीनचं आउटपुट जळू शकतं, म्हणून तारा नीट पिळून घ्या. मग तेच गाणं लावा.

समजा आधी डावा बॉक्स दबलेला होता. बदल केल्यावरही डावाच दबलेला राहिला तर मशीन निर्दोष आहे, दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरीत. आता उजवा बॉक्स उचलून त्या डाव्या वायरीला लावा. तोही दबला तर वायर खराब, चांगला वाजला तर बॉक्स खराब. उलट, बदल केल्यावर उजवा बॉक्स दबला आणि डावा खणखणीत झाला, तर स्पीकर आणि वायरी दोन्ही ठीक आणि दोष मशीनकडे किंवा मशीनला येणाऱ्या आवाजात. तेव्हा डिश सोडून मोबाइल ब्लूटूथने जोडून बघा. मोबाइलवर दोन्ही बाजू सारख्या वाजल्या तर रिसीव्हरही सुटला. दोष डिशच्या डब्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. लाल-पांढरी पिन असलेली जुनी केबल असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या.

दोन्ही बाजू सारख्याच दबलेल्या असतील तर ही अदलाबदल कामाची नाही. मग समोरचा एक बॉक्स तात्पुरता मधल्या स्पीकरच्या जागेवर जोडा आणि बातम्या लावा. तिथे तो जोरात बोलला तर बॉक्स जिवंत आहे, गडबड सेटिंगची आहे.

वायर, उंदीर आणि उलटा लाल-काळा

गावाकडच्या घरात वायरीचा सगळ्यात मोठा शत्रू उंदीर. आढ्यावरून किंवा कपाटामागून नेलेली वायर वरून अखंड दिसते आणि मध्ये दोन तारांवर तग धरून असते. दुसरा शत्रू जोड. वायर कमी पडली म्हणून नुसती पिळ मारून टेप गुंडाळलेली असते, वर्ष-दोन वर्षांत तांबं काळं-हिरवं पडतं आणि आवाज कमी-जास्त व्हायला लागतो. तिसरा दोष जोडणाऱ्याच्या हातचा. दाबायच्या क्लिपमध्ये तारेऐवजी वरचं प्लॅस्टिकच अडकलेलं असतं. ते अर्धा इंच सोलून पुन्हा लावलं की काम झालं.

बारीक वायरीबद्दल मात्र दुकानात जरा जास्तच भीती घातली जाते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा १० मीटरचा फेरा साधारण पाऊण ओहम अडवतो. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याने दीड डेसिबलच्या आसपास आवाज पडतो, म्हणजे कळेल न कळेल एवढा. बॉक्स मेल्यासारखा वाटतो तो त्यामुळे नाही. तरी नवी वायर घ्यायचीच असेल तर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या, घराच्या वायरिंगची मिळते तीसुद्धा चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर वजनाला हलकी लागते आणि सोलून खरवडली की आत पांढरी दिसते. ती नको. हजार रुपये मीटरच्या ‘ऑडिओ’ वायरीची तर बिलकूल गरज नाही.

लाल-काळा उलटा लागणं ही नेहमीची चूक आहे आणि ती पटकन कळत नाही. एका बॉक्सला सरळ आणि दुसऱ्याला उलटं जोडलं तर दोन्ही वाजतात, पण एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. दोघे एकमेकांचा आवाज खातात. ढोलकीचा ठोका गायब होतो, गायक मधोमध न वाटता कुठूनतरी बोलल्यासारखा वाटतो. जवळ कान नेला तर दोन्ही ठणठणीत, बाजेवर बसलं की पोकळ, असं असेल तर हीच चूक समजा. तपासायला वायरीचं रिसीव्हरकडचं टोक सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, लालला अधिक, काळ्याला उणे. मोठ्या कोनचा पडदा बाहेर आला पाहिजे. एक बाहेर आणि दुसरा आत गेला तर एकाची वायर उलटवा. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता टेकवायचा.

सेटिंगमधल्या चार जागा

पाहुण्यांच्या पोरांनी रिमोट हाताळला की सेटिंग बदलतं, हे घरोघरी झालेलं आहे. रिसीव्हरच्या मेन्यूत ‘स्पीकर लेव्हल’ असते. प्रत्येक स्पीकर तिथून वेगळा कमी-जास्त करता येतो आणि समोरचे कुणी उणे सहा-सातवर नेलेले सापडतात. तिथेच ‘टेस्ट टोन’ असतो, त्यात एकामागून एक स्पीकर फसफस आवाज करतो. नेहमी बसता त्या जागी मोबाइल ठेवून आवाज मोजायचं फुकट ॲप चालू करा. मोबाइलचा आकडा अगदी बरोबर नसतो, पण दोन स्पीकरमधला फरक दाखवायला पुरतो. एक-दोन डेसिबलचा फरक सोडून द्या, पाच-सहाचा असेल तर लेव्हल सारखी करा.

दुसरी जागा ‘स्पीकर ए/बी’. काही मशीनना समोरच्या स्पीकरचे दोन जोड असतात. वायर बी-ला आणि बटण ए-वर असेल तर समोरचे पूर्ण बंद, आणि लोक मशीन जळालं म्हणून गाठोडं बांधतात.

तिसरी जागा ‘स्मॉल/लार्ज’. समोरचे स्मॉलवर असले की जाड आवाज, बहुधा ८० हर्ट्झच्या खालचा, वूफरकडे जातो. ते योग्यच आहे. पण वूफरचं बटण बंद असेल किंवा वूफर दुसऱ्या खोलीत नेला असेल तर तो जाड आवाज कुठेच वाजत नाही आणि समोरचे पत्र्यासारखे लागतात. वूफर नसेल तर मेन्यूत ‘सबवूफर नो’ करा.

चौथी जागा माइकने आपोआप होणारं सेटिंग. यामाहात त्याला वायपीएओ म्हणतात, डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी. माइक कानाच्या उंचीला ठेवायचा, पंखा बंद, कुकर बंद, पोरं बाहेर. मोजणी चालू असताना बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला की मशीन भलतंच गणित मांडतं. शंका असेल तर पुन्हा करा. काहीच उमगत नसेल तर पुस्तिकेत बघून फॅक्टरी रीसेट करा, सगळे घोळ एकदम निघतात.

बॉक्सच गेला असेल तर

मल्टिमीटर असेल तर बॉक्सची वायर सोडवून ओहम मोजा. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा आतली तार तुटली आहे. जाड आवाज येतो पण झांजा, टाळ ऐकू येत नाहीत, बोलणं कोंदट, तर वरचा छोटा ट्वीटर जळालाय. मशीन पुरत नसताना आवाज पूर्ण वाढवून फाटका आवाज तासभर वाजवला की पहिला बळी ट्वीटरचाच. कोनची कड कुजली किंवा दाबल्यावर आत खरखर घासतं, तर कोन-कॉइल बदलून मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी डीजेचे स्पीकर भरणारे कारागीर असतात, ते हे काम करतात. पूर्ण बॉक्स फेकायची गरज नाही.

गावात आणखी एक प्रकार दिसतो. मंदिरातला किंवा शाळेतला जुना कॉलम स्पीकर घरच्या रिसीव्हरला जोडलेला. तसा स्पीकर बहुधा १०० व्होल्ट लाइनचा असतो, आत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला. १० वॅटच्या टॅपवर तो हजार ओहमचा होतो. घरच्या रिसीव्हरमधून त्याला धड एक वॅटही मिळत नाही. स्पीकर चांगला, रिसीव्हर चांगला, जोडी चुकीची.

याच्या उलट चूक महागात पडते. एकाच जागेवर दोन बॉक्स जोडले, एक घरात आणि एक ओट्यावर, तर ८-८ ओहमचे मिळून ४ होतात आणि ४-४ चे २. मशीन तापतं, ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतं, आणि रोजच असं चाललं तर एक दिवस कायमचं बसतं.

मशीनचा दोष कसा ओळखायचा

जुन्या रिसीव्हरमध्ये एक ओळखीचा रोग आहे. कमी आवाजात एक बाजू बंद किंवा खरखरती, आवाज एकदम वाढवला की ती बाजू जागी होते. मशीन सुरू करताना काही सेकंदांनी ‘टक्’ आवाज येतो ना, ती स्पीकरची रिले. तिच्या टोकांवर काजळी धरली की असं होतं. रिले हा छोटा आणि स्वस्त भाग आहे, मेकॅनिकला हे लक्षण असंच सांगा. आत धूळ, मुंग्या आणि जाळीतून शिरलेली पाल हेही नेहमीचं. पण झाकण स्वतः उघडू नका, पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढी वीज राहते.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आवाज दबतो, हे खरं, पण ते सगळ्याच स्पीकरचं होतं. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मशीनला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास येते. कानाला मात्र हा फरक दोन डेसिबलचाच. फक्त समोरचे दबले असतील तर खापर डीपीवर फोडू नका.

घ्यायचाच असेल तर

सगळं तपासून मशीनच गेलेलं निघालं तर नवा घ्यावा लागेल. पहिली गोष्ट, वॅटच्या आकड्याला भुलू नका. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणजे ५० वॅटचं मशीन देऊन ८० वॅटचं आणणाऱ्याला कानाने फरक सांगता येणार नाही.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा विसरून जा, ‘आरएमएस’ बघा. त्यातही शेजारची बारीक अक्षरं वाचा. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू’ असं लिहून दिलेले ७०-८० वॅट खरे. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल’ असं लिहून दिलेले १५० त्याहून मोठे असतीलच असं नाही. सगळ्यात सोपी ताळी मशीनच्या पाठीवर असते. तिथे वीज किती खाते ते लिहिलेलं असतं. भिंतीतून ८० वॅट घेणारं मशीन सलग ५०० वॅट देऊ शकत नाही. डब्यातून जेवढं पीठ काढायचं तेवढं आधी दळावं लागतं.

किती लागतं? बारा बाय पंधराच्या खोलीत आठ फुटांवर बसायचं आहे आणि बॉक्सवर ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटी लिहिली आहे असं धरा. पिक्चरमधल्या मोठ्या स्फोटालाही एका स्पीकरला तीसेक वॅट पुरतात. खरे ५०-६० वॅट देणारं मशीन भरपूर झालं. सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र बघाच. ८५ च्या बॉक्सला ९१ च्या बॉक्सएवढं वाजायला चौपट ताकद लागते. मागचे जुने ९१ चे आणि समोर नवे ८५ चे आणले, तर समोरचे दबणारच.

दुसरी गोष्ट, जुने स्पीकर नव्या मशीनला चालतात का. एकाच खोक्यात आलेल्या तयार सेटचे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे आणि वेगळ्याच पिनचे असतात. नव्या रिसीव्हरच्या पाठीवर ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर ते त्याला लावू नका. मग स्पीकरही घ्यावे लागतील, आणि तो खर्च हिशेबात धरूनच दुकानात जा.

पाच चॅनेल घराला पुरे. सात-नऊ चॅनेलचं मशीन घेऊन दोन जागा रिकाम्या ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा एचडीएमआयच्या जागा मोजा, डिश, प्लेअर आणि पोरांचा गेम धरून तीन-चार हव्यात. टीव्हीवरचं यूट्यूब मशीनवर वाजवायचं तर दोन्हीकडे ‘एआरसी’ लिहिलेली एचडीएमआय हवी. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकलची जागा बघा. सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे का ते दुकानदाराला न विचारता कंपनीच्या वेबसाइटवर बघा आणि बिल पक्कं घ्या. बिलाशिवाय वॉरंटीचं कार्ड म्हणजे नुसता कागद.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुनी मशीन बघायला जात असाल तर आधी पाठीवरचा व्होल्टेज वाचा. जपानहून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं आणि अमेरिकेतलं १२० चं. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये ते थेट लावलं तर पहिल्याच मिनिटाला धूर निघतो. वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो धरून भाव करा. वाजवून बघताना पाचही चॅनेल वेगवेगळे ऐका, कमी आवाजातही आणि जास्तीही. रिलेचा रोग कमी आवाजातच पकडता येतो.

घरी आणल्यावर मशीन बंद कपाटात कोंबू नका, वर चार बोटं मोकळी ठेवा आणि त्यावर टीव्हीचं कापड पसरू नका. समोरचे बॉक्स कोनाड्यात किंवा पडद्यामागे न ठेवता ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे ठेवा. नुसत्या स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, समोरच्या भिंतीवर एक गोधडी टांगली तरी बोलणं साफ ऐकू येतं. वळवाचं आभाळ भरून आलं की पिन काढा आणि डिशची वायरही सोडवा, कारण वीज खांबावरूनच येते असं नाही, छतावरच्या छत्रीतूनही येते. आणि बल्ब एकदम भगभगायला लागले तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. तेव्हा आधी मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन करा.